जर्मनीला गेलेली कॅसेट

या, जरा पुढे सरकून बसा. लांबून ऐकलं की गोष्ट अर्धीच पोचते आणि उरलेली माणूस आपल्या मनानं भरून घेतो. मला ही पुरी पोचवायची आहे. आमच्या डिंडोलीतल्या चैतालीला परदेशातल्या विद्यापीठात जागा कशी मिळाली, आणि माझ्या कानांपायी ती कशी जवळजवळ गेलीच होती, ते सांगतो. पांडुरंगाला साक्ष ठेवून सांगतोय, तेव्हा माझी चूक झाकायची सोय नाही.

मी शालिग्राम, अमळनेरकडचा. सुरतेत यंत्रमागावर आलो तेव्हा मिशी फुटत होती, आणि ही गोष्ट घडली त्या साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, ती पांढरी व्हायला लागली होती. सुरतेच्या डिंडोली वस्तीत आम्हा खानदेशी लोकांचं भजनी मंडळ आहे. मंडळाचा टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात असे. गोडादऱ्यात कीर्तन असो की कोसाडला, पाळी संपली की मी मशीन पिशवीत घालून निघायचो आणि बुवांच्या पायाशी उजव्या अंगाला बसायचो. अकरा वर्षांत एकशे चाळीस कॅसेटी भरल्या होत्या. प्रत्येकीवर बुवांचं नाव, गाव, तिथी. आमच्या उषाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "लोकांच्या घरी सवत येते ती जेवण तरी मागते. आमचीला नुसते सेल लागतात."

चैताली आमच्या मागच्या गल्लीतली. बौद्ध समाजाची. वडील रामजी उधना स्टेशनावर पॉइंट्समन, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते पाहणारे. आई मीराबाई बोदवडकडची. पोरगी इतिहासात बी. ए. झाली होती आणि विहारात येणाऱ्या भंतेजींकडून पाली शिकली होती. आपलाच जुना इतिहास आणि आपल्याच जुन्या भाषा परदेशात शिकवतात, त्याची मोठमोठी खाती असतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिनं कुठून कुठून पत्ते मिळवून सहा ठिकाणी पत्रं टाकली. जर्मनीतल्या एका विद्यापीठानं उत्तर दिलं.

उत्तर असं होतं. तिथे येऊन बौद्ध इतिहास आणि पाली शिकता येईल, राहण्याखाण्याचा खर्चही मिळेल, पण त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना रोज तासभर मराठी बोलायला शिकवावं लागेल. जागा एक आणि उमेदवार दोघी. दुसरी पुण्याची होती. दोघींनी अर्ध्या तासाची एक कॅसेट भरून पाठवायची. वाचून दाखवायचं नाही, घरी बोलतात तसं बोलायचं.

एका संध्याकाळी रामजी पोरीला घेऊन दारात आले. "जय भीम, शालिग्रामभाऊ."

"रामराम. या."

आमचं असंच चाले. ते जय भीम म्हणत, मी रामराम म्हणे, आणि दोघांचं पोचत असे.

"मशीन पाहिजे होतं," रामजी म्हणाले. "पण मंडळाचं आहे ते. आणि आम्ही काही कीर्तनाला येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मी बोलावतोय कुठे? पोरीचं काम आहे. मशीन देवाचं असलं तरी बटणं मलाच दाबावी लागतात."

रामजी हसले. ते फार हसणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्याच खोलीत बसलो. दार लावलं, खिडकी लावली, उषाबाईंना सांगितलं की भांडं वाजवायचं नाही. चैताली सुती साडी नेसून आली होती, जसं काही कॅसेटीत साडी दिसणार होती. ती बोलली छान. आपलं शिक्षण, सुरत शहर, इथला कापडाचा धंदा, सगळं शुद्ध, ठाशीव. मग चालू करून ऐकली. मी ऐकली, उषाबाईंनी ऐकली, मीराबाईंना बोलावून ऐकवली. सगळ्यांचं एकच मत पडलं, की आरशासारखा स्वच्छ आवाज आलाय. मी तर वर म्हणालो, "अकरा वर्षांचा हात आहे माझा. पुणेकरणीनं कुठल्याही स्टुडिओत जावं."

कॅसेट गेली. ऑगस्ट गेला. गणपती बसले आणि पत्र आलं.

पत्र तिथल्या मराठीच्या प्राध्यापक बाईंनी स्वतः मराठीत लिहिलं होतं. अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं गोल, पण एक वेलांटी चुकलेली नव्हती. चैतालीनं आमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. "आपली ध्वनिफीत मिळाली. आपला आवाज एका यंत्राच्या मागे उभा आहे. ते कोणते यंत्र आहे हे जाणून घ्यायला मला आवडेल, परंतु आमच्या विद्यार्थ्यांना शब्द ऐकू येत नाहीत. दुसरे, आपण आकाशवाणीप्रमाणे बोलता. आपण आपल्या आईशी असेच बोलता काय? दहा ऑक्टोबरपर्यंत दुसरी ध्वनिफीत पोचल्यास विचार करू. पुण्याच्या उमेदवारांची ध्वनिफीत स्पष्ट आहे, हे कळवणे मला योग्य वाटते."

"कसलं यंत्र?" मी म्हणालो. "खोली बंद होती."

"तेच तर, आप्पा. मला पण काही ऐकू आलं नव्हतं," चैताली म्हणाली.

मूळ कॅसेट मी ठेवून घेतली होती, पाठवली ती तिची नक्कल. परत लावली. कान लावून बसलो. पोरीच्या आवाजाशिवाय काही नाही. मला वाटलं, बाईंचं मशीन बिघडलेलं असेल. गोऱ्या माणसाचं मशीनही बिघडू शकतं.

उषाबाई भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता आमच्या अहिराणीत म्हणाल्या, "तुमले आनि मले काय ऐकू येस? गावले गवू का माय म्हनस, हळू बोल, हळू बोल, आम्ही काय बहिरा शेतस का."

म्हणजे माहेरी गेल्या की त्यांची आईच त्यांना हळू बोलायला सांगते. पुढच्या सुट्टीला मशीन घेऊन वस्तीच्या पार पलीकडे चालत गेलो, जिथे शेवटचं कारखान्याचं पत्र्याचं छप्पर संपतं आणि उसाची शेतं लागतात. बांधावर बसलो. बटण दाबलं.

खटाक खट, खटाक खट, खटाक खट. आमच्या भिंतीमागच्या शेडमधले चोवीस माग. त्याच्या मागे, दूर कुठेतरी, चैताली सुरत शहराची माहिती सांगत होती.

आम्हाला तो आवाज लागतच नव्हता. दिवसरात्र त्याच्यात राहून तो आमच्यासाठी संपला होता, जसा घरातल्यांना घराचा वास संपतो. आणि ऐकलंही कुठे, तर त्याच भिंतीला टेकून, माग चालू असताना. आम्ही सगळ्यांनी एकमुखानं आरसा म्हटलं होतं ते हे.

पिशवीत कीर्तनाची एक कॅसेट होती, तीही लावली. बुवा निरूपण करतायत आणि खटाक खट. नाम चालू आहे आणि खटाक खट. मग उठलो. त्या दिवशी दुसरी कॅसेट लावून पाहिली नाही, खोटं कशाला सांगू.

चैतालीला सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, बाई. मी स्टुडिओच्या गोष्टी करत होतो."

ती म्हणाली, "आता कुठे भरायची ते सांगा, आप्पा. माझ्याकडे तीन आठवडे आहेत. टपालालाच बारा दिवस जातात."

उसाच्या बांधावर भरून पाहिली, तर वारा आत शिरला. विहारात पाहिली, तर तिथेही मागे शेड. सुट्टीच्या दिवशी भरावी म्हटलं, तर आमच्या अंगाला सुट्टी सोमवारी आणि समोरच्या अंगाला शुक्रवारी, दोन्ही बाजू एकदम कधीच थांबत नाहीत. लग्नमुहूर्त काढावा तसे आम्ही दिवस काढत होतो. अनंत चतुर्दशी झाली, गणपती गेले, आणि चौथ्या दिवशी शहरात प्लेगची बातमी आली.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. दोन दिवसांत तोंडाला रुमाल बांधलेली माणसं बोचकी घेऊन स्टेशनाकडे निघाली. औषधाच्या कॅप्सूल संपल्या. शेठ लोक आधीच गाड्या काढून गेले होते. कारागीर गेले तसे माग एकेक करून बंद पडले.

उषाबाईंचा भाऊ त्यांना घ्यायला आला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कीर्तनासाठी जीव टाकणारे ऐकले होते. कॅसेटीसाठी तुम्ही पहिलेच."

"एक दिवसाचं काम आहे."

"मशीन त्या पोरीला द्या आणि चला."

"तिला बटणं माहीत नाहीत. आणि एकदा माझ्यामुळे बिघडलंय."

उषाबाईंनी चूल पेटवली. भाकरी बांधून ठेवून गेल्या. चार जणांना पुरतील इतक्या होत्या.

सकाळी उठलो आणि मला वाटलं माझे कान गेले. मग दूर कुठेतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला, होला घुमला, कुणीतरी खाकरलं, तेही दोन गल्ल्यांपलीकडे. वस्ती अशी असते हे मला माहीत नव्हतं. या शांततेबद्दल देवाचे आभार मानावेत की काय करावं ते सुचेना, कारण ती कशानं आली होती ते डोळ्यांपुढे होतं. आभार मानले नाहीत. मशीन उचललं आणि मागच्या गल्लीत गेलो.

तिथे दुसरीच अडचण. कोरी कॅसेट नव्हती. पहिल्या मूळ कॅसेटीवरच बांधावर आणि विहारात भरून पाहिलं होतं, आणि शेवटी तिची फीत मशीनमध्ये गुंडाळली गेली होती. दुकानं बंद. मी परत घरी आलो आणि पेटी उघडली. एकशे चाळीस कॅसेटी. कीर्तन भरलं की मी पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडून टाकतो, म्हणजे चुकून कुणी त्यावर गाणी भरू नयेत. आता मीच ते भोक बुजवायला चिकटपट्टी शोधत होतो. कुठली घ्यावी? जे बुवा देवाघरी गेले त्यांची घेववेना. शेवटी चोपड्याकडच्या एका बुवांची घेतली; त्या रात्री सेल संपले होते, म्हणून तिची दुसरी बाजू कोरीच होती. ते हयात आहेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि तेच आख्यान दर वर्षी सांगतात. त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि म्हटलं, महाराज, पुढच्या वर्षी परत ऐकतो.

रामजी घरी नव्हते. तिसरा दिवस होता त्यांना ड्यूटीवर. शहर पळत होतं आणि पळायला गाड्या लागत होत्या. जादा गाड्या सोडल्या होत्या, बदलीचा माणूस स्वतःच गावी निघून गेला होता. मीराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजार सगळा गेला तरी त्या गेल्या नव्हत्या. "ह्यायचं जेवण कोन नेईन स्टेशनावर?" एवढंच त्यांचं म्हणणं.

चैतालीनं तोंडावरचा रुमाल सोडला. मी बटण दाबलं. ती सुरू झाली, "माझे नाव चैताली," आणि थांबली. परत सुरू झाली आणि ओरडूनच बोलायला लागली, मागांच्या वर आवाज काढायची सवय. स्वतःचाच आवाज मोकळ्या घरात ऐकून दचकली.

"जमत नाही, आप्पा. कुणाशी बोलू? या मशीनशी?"

आता मला बाकी काही येत नसेल, पण हे मी अकरा वर्षं जवळून पाहिलंय. मोठ्यातला मोठा बुवा घ्या, समोर माणूस नसेल तर त्याचं तोंड उघडत नाही. समोर एक तरी पाहिजे जो मान हलवेल, हूं म्हणेल, चुकलं तर भुवई वर करेल. मी म्हणालो, "मीराबाई, इकडे या. पोरीसमोर बसा आणि हूं म्हणा."

"माह्यं काय काम? मले कुठी शिकेलवानी बोलता येते?"

"बोलू नका. नुसतं हूं म्हणा."

सूप घेऊनच त्या पुढ्यात येऊन बसल्या. मी बटण दाबलं.

"माझा जन्म सुरत येथे झाला," चैताली म्हणाली.

"येथे?" मीराबाई म्हणाल्या. "कुठी झाला वं तुहा जन्म? बोदवडले झाला. सुरतेले तू दीड वर्साची आली."

"मम्मी, तू फक्त हूं म्हण ना."

"खोट्याले काहून हूं म्हनू?"

मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. मशीनवरचा आवाजाचा काटा छान नाचत होता.

"बरं, बोदवडला झाला. मग आपण सुरतला आलो. पप्पांना इथे काम मिळालं म्हणून."

"काम कुठी मिळालं होतं? काम पाहाले आलो आपन. अन् तुहा बाप तं आलाच नाही."

"म्हणजे?"

"नंदुरबारले पानी भराले उतरला. म्या म्हनलं, जाऊ नका, गाडी सुटीन. आयकते कोन? लोटी घेऊन गेला. सुटली गाडी."

"हे तू कधी सांगितलंच नाहीस."

"तू कधी इचारलं? उधन्याले मी एकली उतरली. कडीवर तू, अन् एक पेटी. पेटीवर बसली. एक जन आला, 'क्यां जवुं छे, बेन?' इचारे कुठी जाचं, पन मले वाटलं हा मले उठ म्हनते. म्या म्हनलं, मी नाही उठत. दुसरा आला, थो बी तेच म्हने. म्या पेटी धरून ठेवली."

चैताली हसायला लागली. मग तिनं विचारलं, "मग? पप्पा कधी आले?"

"दुसऱ्या दिशी. तवरीक मी पेटीवरच. एका बाईनं तुले दूध देल्लं. कोन कुठली, नाव बी नाही माहीत."

"घाबरली नाहीस?"

"घाबरून कुठी जाऊ? पैसा तं तुह्या बापाच्या खिशात होता, अन् त्यालेच गाडी सापडत नव्हती."

पुढे सगळं असंच. पोरगी विचारत होती, आई सांगत होती, मधेच पोरगी शाळेचं काही सांगायची, आई दुरुस्त करायची. सुपातल्या तांदळाचा सरसर आवाज येत होता आणि त्यापलीकडे काही नाही. मी एकदाच चुकून हसलो, ते कॅसेटीत आहे. अर्धा तास कधी गेला कळलं नाही. फीत खट्कन थांबली तेव्हा दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या, जणू मी आताच आलो होतो.

मग चैतालीचा चेहरा उतरला. "आप्पा, यात तर मम्मीच बोलतेय. त्यांना माझा आवाज पाहिजे होता. पुण्याची एकटी बोलली असेल, नीट."

"त्यांनी विचारलं होतं आईशी कशी बोलतेस. हे घे, अशी."

"आणि त्यांना नाही आवडलं तर?"

खरं सांगायचं तर ती भीती मलाही होती. पण दुसरी कॅसेट नव्हती, टॉर्चमधून काढलेले सेल संपत आले होते, आणि माग उद्या चालू होतील की महिन्यानं ते कुणालाच माहीत नव्हतं. आता तिचं जाणं न जाणं त्या अर्ध्या तासावर होतं. तिनं कॅसेट उचलून डबीत घातली. मग म्हणाली, "पाठवू या."

पाठवायची कुठून? सुरतेत टपालाचा भरवसा नव्हता, आणि सुरतेचा शिक्का पाहून कुणी वाटेत अडवेल ही धास्ती होती. दुपारी रामजी घरी आले. डोळे लाल, अंगावर कोळशासारखी धूळ. वीस मिनिटं होती त्यांच्याकडे. उभ्यानंच भाकरी खाल्ली, आमच्या उषाबाईंची. मीराबाईंनी बजावलं, "चावून खा."

मी सांगितलं, काम झालंय, झकास झालंय. "तुमचंही दोन शब्द भरू या का, रामजी? दुसऱ्या बाजूला जागा आहे."

"मी काय बोलू?"

"नंदुरबारची हकिगत तुमच्या बाजूनं सांगा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सांगितलं का हिनं?" मग मान हलवली. "राहू द्या, भाऊ. तीनची गाडी उभी आहे, छतावर पण माणसं चढलीयत, उतरवायची आहेत. गार्ड भुसावळचा आहे, ओळखीचा. त्याच्याजवळ देतो. तिथून रजिस्टर करील तो."

चैतालीनं पाकीट शिवून दिलं. रामजींनी ते सदऱ्याच्या आत घातलं, रुमाल वर बांधला आणि गेले. पाण्याचा तांब्या अर्धा तसाच राहिला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. प्लेग ओसरला, लोक परत आले, माग चालू झाले. उषाबाई परत आल्या आणि पेटीतल्या कॅसेटी मोजून, एक कमी का, म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "चोपड्याचे ना? बरं केलं, फार लांबवतात."

नोव्हेंबरात जर्मनीचं पत्र आलं. बाईंनी लिहिलं होतं, "ध्वनिफीत सहा ऑक्टोबरला मिळाली. आम्ही चौघांनी ती दोनदा ऐकली. प्रश्न कसा विचारावा, हे विद्यार्थ्यांना शिकवायला आम्हाला असाच माणूस हवा होता. जागा आपल्याला देत आहोत. जागा एकच आहे याचे वाईट वाटते, कारण आम्हाला दोघीही आवडल्या. ही ध्वनिफीत वर्गात वापरण्यास आपल्या मातुःश्रींची परवानगी असावी."

मीराबाई म्हणाल्या, "वापरा म्हना. पन तांदूळ निवडाले बी शिकवा."

मार्चमध्ये पोरगी गेली. आता तिथे ती आपलाच जुना इतिहास परक्या ग्रंथालयात बसून शिकते आणि रोज तासभर गोऱ्या पोरांना मराठी शिकवते. ती लिहिते, पहिल्या दिवशी त्यांना तीच कॅसेट लावतात. पोरं ऐकतात, लिहून घेतात, एकमेकांना विचारतात, "काहून वं?"

तिची हुशारी लोकांच्या तोंडी आहे. मीराबाईंचा आवाज तर समुद्र ओलांडून गेला. माझं नाव काढणारेही चार जण आहेत, आणि ते मला आवडतं, माणूस आहे मी. पण त्या कॅसेटीत एक आवाज नाही. ज्यानं तीन दिवस आणि तीन रात्री अर्धं शहर गाडीत बसवून आपापल्या मुलखाला पाठवलं, आपली माणसं मात्र मागे ठेवली, आणि पोरीचं नशीब सदऱ्यात घालून स्टेशनाला नेलं, त्याला दोन शब्द बोलायला वेळ झाला नाही. दुसरी बाजू कोरीच गेली. तुम्ही माझी गोष्ट इतका वेळ बसून ऐकलीत, तेव्हा एवढंच मागतो. त्या रामजींची आठवण ठेवा.